अर्धा न

जात्यावर बसलेल्या बाईने ‘न्हाय’ म्हटले होते आणि आमच्या पडद्यावर ‘हाय’ उमटले होते. भाऊ न्यायला आला नाही म्हणून जी तक्रार करते आहे, तिच्या ओवीत भाऊ चक्क आलेला होता. ज्या घरात दाणा नव्हता तिथे दाणा होता. ओव्यांमध्ये असे अचानक सुख नांदू लागलेले पाहून आम्हांला प्रथम कौतुकच वाटले. चूक कळायला तीन दिवस लागले. आम्ही दोघेही गेली वीसेक वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो, ही गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी.

हकिकत २०२४च्या मे महिन्यातली. आमच्या सरांच्या कन्येने, ताईने, घर आवरताना सापडलेल्या दोन सीडी आमच्या हाती दिल्या. सरांनी १९९८ ते २००१ या काळात दापोली-हर्णैच्या किनारपट्टीवर आणि खेडच्या वरच्या अंगाला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांत हिंडून बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या होत्या. कॅसेटी मोजक्याच असत; एक उतरवून झाली की तिच्यावरच पुढचे गाव ध्वनिमुद्रित होई. त्यामुळे आवाज उरले नाहीत, सरांचे लेखन तेवढे उरले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रचंड ओवीसंग्रहामागे ध्वनिमुद्रणांचा आधार आहे. एकट्या, पगारातून खर्च करणाऱ्या प्राध्यापकाला तो परवडणारा नव्हता.

आवाज राहणार नाही हे ठाऊक असल्यामुळेच असेल, सर लेखनाबाबत कमालीचे हट्टी होते. ऐकू येईल तसे लिहायचे. ओळीच्या शेवटी बाईने स्वर लांबवला तर अवग्रह द्यायचा. दंत्य च, ज, झ यांच्याखाली टिंब द्यायचे. नागरी लिपीत ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण हे सारखेच लिहिले जाते. ऐकणाऱ्याला मात्र दोन्हींतला फरक क्षणात कळतो. सरांच्या हस्तलिखितात थोडे असलेल्या ‘जरा’खाली टिंब असे, म्हातारपणाच्या ‘जरा’खाली नसे. आम्ही तेव्हा नुकतेच एम.ए. होत होतो. हा सारा खटाटोप आम्हांला थोडा अतिरेकी वाटे, आणि तसे आम्ही आपसांत बोलतही असू.

पुस्तकाची जुळणी २००१-०२ मध्ये एका छोट्या छापखान्यात झाली. यंत्रावर विंडोज ९८, त्यात पेजमेकर ६.५ आणि त्या काळी प्रचलित असलेला एक मराठी फॉन्ट. टंकलेखन आणि मुद्रितशोधन आम्ही दोघांनी केले. अनुदान आले नाही, पुढे छापखाना बंद पडला, पुस्तक निघाले नाही. सर २०११ मध्ये गेले. कागदावरची मुद्रिते आमच्याकडे होती. विभागाची खोली बदलली त्या गडबडीत ती रद्दीत गेली. दोष आमचाच. सरांचे हस्तलिखित त्याआधीच एका पावसाळ्यात भिजून गेले होते. तेव्हा आता दोन सीडी, एवढाच त्या पुस्तकाचा ठावठिकाणा होता.

आमच्या विभागातल्या संगणकांवर बरीच वर्षे लिनक्स आहे. परवान्यांना पैसे नव्हते हे त्याचे साधे कारण. सीडींपैकी एकीवर दमट हवेने बुरशीचे डाग पडले होते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा एक चिवट कार्यक्रम आहे. जिथे वाचता येत नाही ती जागा तो सोडून पुढे जातो, मग मागे येऊन पुन:पुन्हा प्रयत्न करतो, आणि अखेर जे मिळालेच नाही तेवढेच रिकामे ठेवतो. पोथीतला कसरीने खाल्लेला भाग सोडून नक्कल करणारा प्रामाणिक लेखकू जसा, तसा. त्याने रात्रभरात बहुतेक सगळे वाचून दिले. सहा प्रकरणांच्या सहा फायली, आणि त्याही दोन कप्प्यांत: एकाचे नाव ‘जुने’, दुसऱ्याचे ‘नवे’. ‘जुने’मधले पाचवे प्रकरण तेवढे उघडण्यापलीकडे गेले होते. पाचव्यासाठी ‘नवे’ वापरावे, बाकी ‘जुने’ घ्यावे, असे आम्ही फारसा विचार न करता ठरवले. दोन कप्पे का, हा प्रश्न त्या वेळी पडायला हवा होता.

लिब्रे ऑफिसला पेजमेकरच्या फायली बऱ्यापैकी वाचता येतात. सीडीवर फॉन्टही होता, तो लिनक्समध्ये बसवला. पाने उघडली, चौकटी थोड्या हलल्या, पण मजकूर मराठीत दिसला, आणि आम्ही आनंदाने तो उतरवून घेऊ लागलो. तोच हा ‘हाय’चा मजकूर.

याचे कारण समजून घेताना आमच्या पिढीने मराठी कशी टंकली याचा उलगडा झाला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानकही निघाले. पण छापखान्यांतली मराठी यांपैकी कशानेच चालत नव्हती. फॉन्टमध्ये २५६ घरे असत, त्यांतली काही वापरता येत नसत. उरलेल्या घरांत क, ख, ग, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या, रफार असे सारे कोंबावे लागे. प्रत्येक कंपनीने ते आपल्या मनाने कोंबले. फायलीत मराठी नसेच. असत ते फक्त घरांचे क्रमांक, आणि त्या घरात कोण राहतो हे केवळ त्या फॉन्टला ठाऊक असे. फॉन्ट बदलला की मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होई, हे त्या काळात ज्यांनी मासिकांना लेख पाठवले त्यांना आठवत असेल.

महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण होणे अपरिहार्य होते. तिथेही किल्ली हाती असल्याखेरीज ग्रंथ मुका. राजवाड्यांनी ती उलगडली तेव्हा कुठे जुन्या मराठीचे एक दालन आपल्याला खुले झाले. फरक असा की महानुभावांनी ग्रंथ परक्यांच्या नजरेपासून राखण्यासाठी संकेत योजला होता. आम्ही मात्र चारचौघांनी वाचावे म्हणून टंकले आणि नकळत तेच केले.

तर १७३ क्रमांकाचे घर. आमच्या फॉन्टने तिथे अर्धा न ठेवला होता. आजच्या मानकानुसार त्या घरात एक अदृश्य संयोगरेषा राहते. शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच तिने दिसावयाचे, एरवी नाही. नवे सॉफ्टवेअर मानक पाळते, म्हणून त्याने ते घर रिकामे दाखवले. ‘न्हाय’मधला अर्धा न गेला, ‘हाय’ राहिले. ‘म्हन्ला’चे ‘म्हला’ झाले, ‘उन्हात’चे ‘उहात’. ते पाहून शंका यायला हवी होती. पण बोलीचे शब्द म्हणून आम्ही ते भक्तिभावाने उतरवून घेत होतो! जुने पेजमेकर या भानगडीत पडत नसे. घरात जे चित्र असेल ते काढून मोकळे होई.

मग कुणीतरी सुचवल्यावरून जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक वापरून पाहिले. काम झपाट्याने होते, हे मान्य. पण तो मजकूर वाचताना खेडच्या डोंगरातल्या बायका एकाएकी समुद्राविषयी गाऊ लागल्या. डोंगर आणि दर्या, वाट चुकवणारा दर्या, दर्यातले वाघरू! सरांनी ‘दऱ्या’ लिहिले होते. जुन्या फॉन्टात त्या अर्ध्या र साठी, आडव्या भुवईसारख्या त्या चिन्हासाठी, स्वतंत्र घर होते. रूपांतरकाने त्याचा साधा पाय मोडलेला र केला, आणि साध्या र्‌पुढे य आला की युनिकोडच्या नियमाने त्याचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या झाला. हर्णैच्या ओव्यांत खरोखरचा दर्या पदोपदी आहे, त्यामुळे आता पुस्तकभर समुद्र पसरला. च-जखालची टिंबे रूपांतरकाने कचरा समजून झाडून टाकली होती. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. जोडाक्षर आले की ही अदलाबदल करताना तो अडखळत होता. त्या चुका निदान दिसतात तरी. ‘दर्या’ दिसत नाही, कारण तो बरोबर शब्द आहे.

पान मुळात कसे दिसत होते हे पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि त्यासाठी २००२चा संगणक हवा होता. संगणकशास्त्र विभागातल्या एका विद्यार्थ्याने सांगितले, “सर, संगणक शोधू नका. मॅडमच्या लॅपटॉपमध्येच एक तयार करू.” व्हर्च्युअलबॉक्स नावाचे सॉफ्टवेअर लिनक्सवर एक आभासी यंत्र उभे करते: त्याला आपला प्रोसेसर आहे, स्मृती आहे, डिस्क आहे असे ते भासवते, आणि आत बसवलेल्या जुन्या प्रणालीला आपण खऱ्याच संगणकावर आहोत असे वाटत राहते. त्याची सारी डिस्क म्हणजे बाहेरच्या लिनक्सच्या दृष्टीने एक फाइल. यातली ‘भासवते’ आणि ‘वाटत राहते’ ही क्रियापदे त्या मुलाचीच. आम्हांला ती मायावादाची वाटली. त्याला ती अगदी रोजची होती.

विभागाच्या कपाटात विंडोज ९८ची सीडी निघाली, आणि तिच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर चिकटवलेली परवान्याची किल्लीही. नव्या लॅपटॉपवर ती प्रणाली सुरू होतानाच ‘प्रोटेक्शन एरर’ देऊन बसली. नव्या प्रोसेसरची स्मृतीचे पत्ते सांभाळण्याची रीत तिच्या गृहीतांत बसत नाही, असे कळले. मग दुसऱ्याच्या दहा-बारा वर्षे जुन्या लॅपटॉपवर प्रयत्न केला. तिथे ती बसली. आम्ही उदारपणे दोन जीबी स्मृती द्यायला निघालो होतो, तर मुलगा म्हणाला, “नको. २५६ एमबी द्या. फार दिली तर ते म्हणेल स्मृती अपुरी आहे.” हे खरे आहे, त्या प्रणालीला भरमसाट स्मृती मोजताच येत नाही, आणि ती टंचाईची तक्रार करते. (अनुदानाच्या वर्षअखेरी काही विभागांचे असेच होते. असो.)

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्या प्रणालींसाठी ज्या सोयी असतात त्या विंडोज ९८साठी केलेल्याच नाहीत. पडदा ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा, रंग सोळा. आत-बाहेर फायली नेण्यासाठी सामायिक कप्पा नाही. लिनक्सवर सीडीची प्रतिमा बनवायची आणि ती आभासी सीडी आभासी खणात घालायची. पाने बाहेर आणण्यासाठी आत पोस्टस्क्रिप्ट छपाईयंत्र बसवले आणि त्याला कागदाऐवजी फाइलवर छापायला सांगितले. मग आभासी यंत्र बंद करून त्याची डिस्क लिनक्सला जोडली, ती फाइल काढून घेतली आणि तिचे पीडीएफ केले. इंटरनेटची जोडणी मुद्दाम दिली नाही. मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीची देखभाल जुलै २००६ मध्येच थांबवली आहे. ती बाहेरच्या जगात न गेलेली बरी.

पेजमेकर उघडले आणि पहिले पान आले. लॅपटॉपच्या पडद्यावर एका पोस्टकार्डाएवढी खिडकी, तिच्यात ढगांचे निळे आकाश येऊन गेलेले, आणि आता सरांचे पान. ‘न्हाय’ होते. दऱ्या होत्या. जखालची टिंबे होती, अगदी ओळीच्या खाली उतरलेली, कारण तो फॉन्ट टिंबे देण्यासाठी केलेलाच नव्हता आणि ती आम्ही एकेक सरकवून बसवली होती. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मुलाने विचारले, “झालं ना काम?”

त्या पीडीएफवरून सगळे पुस्तक युनिकोडमध्ये पुन्हा हाताने टंकायचे ठरले. जून-जुलै त्यात गेले. आणि याच काळात आमच्या लक्षात एक भाषावैज्ञानिक गोष्ट आली. पहिल्या चार प्रकरणांत बायका ‘न्हाय’ म्हणतात, क्वचित ‘नाय’. पाचव्या प्रकरणातल्या, हर्णैजवळच्या वस्तीतल्या बायका मात्र सरसकट ‘नाही’ म्हणतात. तिथे ‘व्हतं’ही नाही, ‘होते’ आहे. बंदराचा संपर्क, बाजारपेठ, शाळा, मुंबईची ये-जा असा कार्यकारणभाव जुळवून आम्ही प्रस्तावनेत दीड पानांचा परिच्छेद लिहिला. तो वाईट नव्हता. एका चर्चासत्रासाठी त्याचा गोषवाराही तयार केला होता.

सहाव्या प्रकरणात ‘न्हाय’ परत आले. ते प्रकरणही किनाऱ्यावरचेच, शेजारच्याच वाडीचे. तेव्हा कुठे आम्ही आभासी यंत्रात ‘नवे’ कप्प्यातली बाकीची प्रकरणे उघडली. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळीकडे ‘नाही’. सगळीकडे ‘होते’. फायलींची तारीख १४ मार्च २००२, वेळा रात्री अकरापासून पुढच्या.

आठवायला फार प्रयास पडले नाहीत. इतकी वर्षे आठवले नव्हते याचेच आश्चर्य. छापखान्याचे यंत्र दिवसा मोकळे नसे, म्हणून आम्ही रात्री बसत होतो. सर तापाने घरी होते. अनुदानासाठी नमुना पाने पाठवायची होती, आणि परीक्षकांना हे लेखन अशुद्ध वाटेल, सरांचे हसे होईल, अशी आमची पक्की समजूत होती. पेजमेकरमध्ये एक शब्द शोधून दुसरा घालण्याची आज्ञा असते. सगळीकडे एकदम घालता येतो. आम्ही ‘न्हाय’च्या जागी ‘नाही’ घातले. मग ‘नाय’च्या जागी ‘नाही’. मग ‘व्हतं’, ‘व्हती’, ‘आन्’. टिंबांना हात लावला नाही, कारण ती शोधून काढणे कटकटीचे होते. दीड-दोन तासांत पुस्तक ‘शुद्ध’ झाले. जुन्या फायली पुसल्या नाहीत, एवढे एक बरे केले.

त्या पानांची मुद्रिते आम्ही सरांना दिली होती. लाल शाईने पान भरून टाकणारा माणूस. स्वल्पविराम पोटातून थोडा उजवीकडे गेला तरी गोल करणारा. ती मुद्रिते त्यांनी आठ दिवसांनी परत केली तेव्हा त्यांवर एकही खूण नव्हती. “छान बसवलंय,” एवढेच म्हणाले. त्यांनी वाचलीच नसतील, तापात होते, असा आम्ही तेव्हा अर्थ लावला. आता तो अर्थ आमच्या गळी उतरत नाही. अनुदान नाकारल्याचे पत्र आल्यावर सरांनी पुस्तकाचा विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही नाही.

रूपांतरकाला आम्ही काय काय म्हटले होते! त्याने टिंबे कचरा समजून झाडली. आम्ही ‘न्हाय’ला चूक समजलो. अर्धा न ज्याने गिळला ते सॉफ्टवेअर निदान एका मानकाचे पालन करत होते, आणि त्याची चूक क्रमांक पाहून भरून काढता आली. आमची तशी भरून निघत नाही. ‘न्हाय’ आणि ‘नाय’ या दोन्हींचे आम्ही एकच ‘नाही’ केले. शिवाय एखाद्या बाईने मुळातच ‘नाही’ म्हटले असेल तर तेही त्यातच मिसळले. तीन वाटा एका ठिकाणी आल्या. उलट जाताना कुठली धरायची? बाकीच्या प्रकरणांना ‘जुने’ आहे. पाचव्याला नाही. अडतीस पाने. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात स्वतःची भर घालणाऱ्यांना ताकीद दिली, हे आम्ही दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगतो. परीक्षेत त्यावर चार गुणांची टीपही येते.

ताईला सांगणे भाग होते. आम्ही पत्र लिहिण्याच्या विचारात होतो. मग दोघेही जाऊनच आलो. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबांच्या परिशिष्टात बायकांची नावं-गावं आहेत ना? त्यांतलं कुणी आहे का अजून?”

पाचव्या प्रकरणाला ओव्या देणाऱ्या सहा बायका. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अडतीस पाने मोठ्या अक्षरांत छापून हर्णैच्या बाजूला गेलो. सहांपैकी एक आजी भेटल्या, ऐंशीच्या आसपासच्या. सरांचे नाव सांगितल्यावर आधी ओळख पटेना. टेपरेकॉर्डरवाले मास्तर म्हटल्यावर पटली. जाते ओटीच्या कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते. आम्ही एकेक ओवी वाचून दाखवत होतो. आमचे वाचन त्यांना पसंत नव्हते. दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला त्या हाताने थांबवत आणि चालीवर स्वतःच पुरी करत. आम्ही ‘नाही’ वाचले तिथे त्यांनी एकदा ‘न्हाय’ म्हटले. पुढच्या ओवीत ‘नाय’. एका ओवीत, सासऱ्याच्या तोंडचे बोलणे आले तिथे, स्वच्छ ‘नाही’ म्हटले, जरा ठसक्यात. आम्ही तिन्ही लिहून घेतली, ज-खालच्या टिंबांसकट.

त्यांच्या स्वतःच्या ओव्या एकोणीस. त्यांतल्या चौदा त्यांना आठवल्या. बाकीच्या पाच ऐकून त्या म्हणाल्या, “ह्या माझ्या न्हायत.” सरांच्या परिशिष्टात त्या त्यांच्याच नावावर आहेत. तूर्त आम्ही त्या तशाच ठेवल्या आहेत आणि समासात खूण केली आहे. उरलेल्या पाच जणींच्या पानांवर जिथे जिथे ‘नाही’ आणि ‘होते’ आहे तिथे तारांकन येईल, आणि ते कशाचे आहे हे प्रस्तावनेच्या पहिल्याच पानावर सांगावे लागेल. दीड पानांचा तो परिच्छेद काढला आहे. चर्चासत्राच्या आयोजकांना गोषवारा मागे घेत असल्याचे कळवले, कारणासह.